दोष

इंदरगंजचं कोर्ट, डिसेंबर.
पायाशी हीटरची एकच कांडी लाल,
माझ्या गालात लवंग, दाढ ठणकतेय.
निगमसाहेब निकाल सांगताहेत हिंदीत,
मी लघुलिपीत उतरवतेय,
वैताग तेवढा मराठीत.

परिच्छेद एकतीस.
‘अतः अभियुक्त रतिराम कुशवाह को दोष’
आणि साहेब थांबले.

दोषसिद्ध की दोषमुक्त,
दोन्ही त्याच दारातून बाहेर पडतात.
पेन्सिल हवेत.
खिडकीखाली चॅनेलच्या गाडीचा जनरेटर घरघरतोय.
थांबण्याला लघुलिपीत खूण नसते.
मी नुसती जागा सोडली, दोन बोटं.

एकशे चार दिवस हा रतिराम
पहिल्या पानावर मुक्कामाला होता.
आधी कंपाउंडर, मग सुईवाला, मग कसाई.
अवतरणचिन्हं होती सुरुवातीला,
ती पहिल्याच आठवड्यात गळाली.
नर्सिंग होमच्या मालकांचं नाव मात्र
शेवटच्या पानावर, रंगीत:
गुडघे बदलून मिळतील, हप्त्यांची सोय.

साहेबांनी दसऱ्यापासून पेपर बंद केला होता.
तरी तो यायचाच.
शिपायाच्या समोशाखाली यायचा,
रतिरामचा एक डोळा तेलाने पारदर्शक झालेला.
साहेब समोसा उचलायचे,
कागद पालथा घालायचे.

आणि हेही लिहायला हवं
की ठाण्यातून तीनदा हाकललेल्या त्या बाईचं,
मेलेल्या मुलाचा फोटो ओढणीत बांधून फिरणाऱ्या बाईचं
म्हणणं पहिल्यांदा छापलं ते त्याच पेपरने.
मुळ्यांच्या अभयने.
नाहीतर ही फाईल आमच्या टेबलावर आलीच नसती.
हे विसरता आलं असतं
तर मला नुसतं रागावता आलं असतं.

अभय आमच्या जिवाजीगंजातला,
माझ्याकडेच टायपिंग शिकला,
करंगळी कधी वापरली नाही.
त्या संध्याकाळी गजकच्या दुकानापाशी गाठलंन्‌ मला.
‘मावशी, कागद नको, काही नको.
शब्दाचं फक्त पहिलं अक्षर सांगा.’

माझी दाढ. माझी थंडी. माझी हुशारी.
मी म्हटलं, ‘द.’

खोटं बोलले नव्हते.
त्याला कोड्यात पाडून
मी ऐटीत घरी आले, हळददूध प्यायले.

सकाळी आठ कॉलमांत:
रतिराम दोषी ठरणार, सूत्रांची माहिती.
सूत्रं म्हणजे मी.
गालात लवंग धरलेलं, निवृत्तीला चार वर्षं उरलेलं सूत्र.

अकरा वाजता साहेबांनी वाचला
कालचाच निकाल, कालच्याच शब्दांत:
सुई रतिरामने टोचली, पण बाटली कुणी आणली,
हे पोलिसांनी शोधलंच नाही.
फाटकाशी पेढ्यांचे खोके घेऊन उभे असलेले लोक
पहिल्यांदा गप्प झाले,
मग एकाने दगड उचलला.
रात्री टीव्हीवर चौघे जण विचारत होते,
एका रात्रीत निकाल कसा काय फिरला?

फिरला नव्हता हो.
मला माहीत होतं, वही माझ्याच पिशवीत होती.
पण हे सांगायचं
तर आधी गजकच्या दुकानापासून सांगावं लागलं असतं.

साहेब मला काही बोलले नाहीत.
चष्मा पुसताना एकदा बघितलं, इतकंच.
एप्रिलच्या यादीत त्यांची श्योपूरला बदली झाली.
बदल्या एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच होतात.
पान सात, तळाशी, चार ओळी.

ते तेव्हा का थांबले असतील?
जनरेटरसाठी, की त्या बाईसाठी,
की स्वतःच्या मुलीसाठी, जी शाळेतून
त्याच फाटकावरून घरी यायची?
की नुसता चहा घशात अडकला होता?

वही अजून आहे माझ्याकडे.
‘दोष’ आणि ‘मुक्त’ यांच्यामध्ये
दोन बोटांची कोरी जागा आहे तिच्यात.
अपिलात गेलेल्या नकलेत ती नाही.
टाइप करताना मीच शब्द जोडून टाकला,
व्याकरण तसंच आहे.