एकशे त्रेसष्ट पायऱ्या

एर्सिलियाचा उजवा गुडघा
एकशे अकराव्या पायरीवर बोलतो.
उतरताना तर पहिल्यापासूनच.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर पत्रं वाटायची म्हणजे
पोटऱ्यांनी गाव पाठ करायचं.
एकोणीस वर्षं झाली.

जिममधला पोरगा म्हणाला, मांड्या कमजोर आहेत,
तीन महिन्यांचे आगाऊ भरा.
त्याच्याकडे चार भिंती आरसे होते, पायरी एकही नव्हती.
मसाजवालीनं डोळे मिटून सांगितलं,
गुडघ्यात जुनं रडू अडकलंय.
असेलही. पण रडू काय फक्त चढावर दुखतं?

मग ती गेली बेलार्मिनो म्हाताऱ्याकडे,
ज्यानं तिच्या बापाचा निखळलेला खांदा
गोदीवरच, एका शिवीत बसवला होता.
त्यानं गुडघ्याची वाटी चाचपली, अंगठा थांबवला,
टॉवेलला हात पुसले.
"हे माझ्या हातातलं नाही, पोरी.
खाली दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसते, तिला दाखव."
पैसे घेतले नाहीत.

ती तिशीचीही नव्हती.
एक्स-रे उजेडाला धरला, खाली ठेवला,
म्हणाली, उद्या बॅग आणा. भरलेली.
आणि निघाली मागोमाग चढायला.
नव्वदीलाच धाप लागली तिला. कठड्याला टेकून
वहीत लिहीत राहिली,
पाऊल कसं पडतं, पट्टा कुठल्या खांद्यावर.

पट्टा आता डाव्या खांद्यावर आहे.
गुडघा एकशे चाळीसला बोलतो,
तेही कुजबुजत.

रविवारी ती बेलार्मिनोकडे पाव घेऊन जाते.
गुडघा दाखवत नाही.
तोच विचारतो,
कितवी?