दुसरी वेळ

सकाळी सातला सोइला तांगोआ शिडी चढते,
मुंग्या चावणार हे गृहीत धरून.
त्यांच्याच घरट्यात मुळं रोवून
ऑर्किड खाली लटकलेलं: पिवळट, मांसल,
गंजक्या ठिपक्यांचं. सुंदर म्हणवत नाही.
पोटाशी एक बादली,
वर दोन ग्रंथी, थेंब थेंब गळणाऱ्या.
मध नाही त्यात. पाणीच, जरासं बुळबुळीत.

वास मात्र असा,
की सर्दीत छातीला चोळलेलं निलगिरीचं तेल,
त्यात कुठे पुदिना, कुठे लवंग,
आणि तळाशी आणखी काहीतरी, ज्याला
तिच्याकडे शब्द नाही. वहीत ती नुसती रेघ मारते.

मग माश्या येतात,
बांगडीच्या काचेसारख्या हिरव्या.
सगळे नर. भूक नाही कुणाला,
अत्तर हवंय. पुढच्या पायांनी खरवडून
मागच्या पोटरीत भरत राहायचं
जन्मभर, फुलाफुलातून, कुजक्या लाकडातूनसुद्धा.
मादीला ते आवडतं का,
हे तिला पगार देणाऱ्यांनाही नक्की माहीत नाही.

आणि घसरतोच एखादा.
बादलीत. पंख चिंब.
भिंती गुळगुळीत, एकच पायरी,
पायरीपुढे बोगदा, अंगाबरहुकूम शिवलेला.
बावीस मिनिटं तो रेटतो, थांबतो, रेटतो.
सुटतो तेव्हा पाठीवर
दोन पिवळी गाठोडी, न विचारता बांधलेली.

एवढ्याने काहीच झालेलं नसतं.
त्याने पुन्हा यायला हवं,
दुसऱ्या फुलाशी, त्याच वासाला,
पुन्हा घसरायला हवं, पुन्हा तोच बोगदा.
सगळा वंश
एकदा फसून न शिकणाऱ्यावर उभा.

तिच्या मुलाचं नाव सेगुंदो. म्हणजे दुसरा.
पहिला कुणी नव्हताच; पणजोबाचं नाव, एवढंच.
तांबोपाता चढली होती तेव्हा
सोन्याच्या खाणीवरून परतला तो,
खिशात मोडका फोन, अंगात ताप.
केळी खाल्ली, तीन दिवस झोपला,
म्हणाला, आता नाही जायचो.
गुरुवारी पहाटे काठाला होडी नव्हती.

फूल चौथं, ती लिहिते. नर नववा.
पाठीवर पांढरा ठिपका, तिनेच लावलेला, कालचा.
गाठोडी तशीच.
मुंग्या कोपरापर्यंत आल्यात.
तो बादलीच्या काठावर उतरलाय, पाय पुसतोय.
हात हलवला तर उडेल.
सोइला हात हलवत नाही.
पेन्सिल जिभेवर ओली करते.