कडेचा तुकडा

मार्चमध्ये खोकी येतात.
फ्रँकफर्ट, झाल्झबुर्ग, झ्युरिच,
आणि एखादं, ज्याच्यावरचं पाठवणाऱ्याचं नाव
वाटेतच कुठे भिजून पुसलेलं.
प्रकाशक नवी पुस्तकं फुकट पाठवतात,
केंद्र त्यांना कपाट देतं, क्रमांक देतं,
आणि मिझुरीचा उन्हाळा तापायच्या आत
महिनाभर एखादा लेखक बोलावतं.

तळघरात खोकी उघडते लॉर्ना डीकमन.
सुरीनं नाही, किल्लीनं.
सुरी एकदा एका कवीच्या नावातून गेली होती, म्हणते.
तिला जर्मन वाचता येत नाही.
बत्तीस वर्षं नुसता मुखपृष्ठांवरून हात फिरवते
आणि कुठलं पुस्तक कुणी नेणार नाही
हे बहुतेक वेळा बरोबर सांगते.

तिचे आजोबा तेरा वर्षांचे असताना
युद्धापायी गावच्या शाळेतून जर्मन गेली,
मग चर्चमधून,
मग टेलिफोनवरची बाई मध्येच दटावू लागली.
भाषा दार लावून घरात राहिली.
मग घरातही नाही.
उरला एवढाच शब्द: क्नूस्ट.
पावाच्या कडेचा तुकडा,
ज्याच्यावरून भावंडांची मारामारी व्हायची.

त्या वर्षी लाइप्झिगहून आन्त्ये झीलाफ आली होती.
वरच्या मजल्यावर सगळे तिला
आजच्या जर्मनीबद्दल विचारत,
म्हणून ती डबा घेऊन खाली यायची.
"क्नूस्ट घेणार?" लॉर्नानं विचारलं.
आन्त्ये चावता चावता थांबली.
माझी आजी, म्हणाली, उत्तरेकडची...
पुढचं बोलली नाही. तुकडा मात्र खाल्ला.

दोन वर्षांनी तिचं पुस्तक खोक्यातून निघालं.
पान एकशे बारा मी लॉर्नाला
अडखळत, इंग्रजी करत वाचून दाखवलं.
तळघर. पाव. एक उंच, दुःखी बाई.
(लॉर्ना उंच नाही. दुःखी असेल तर
मला चार सत्रांत दिसलेली नाही.)
आणि तो शब्द: क्नूस्ट, म्हणजे शेवटी उरतं ते.

"उरतं ते कसलं?" लॉर्ना म्हणाली,
"पहिला कापही क्नूस्टच.
पावाला दोन टोकं असतात."

पुस्तकात रेघ ओढली म्हणून
मुलांकडून पाच डॉलर घेणाऱ्या बाईनं
कानामागची पेन्सिल काढली,
समासात बारीक अक्षरात तेवढंच लिहिलं,
क्रमांक चिकटवला, ढकलगाडीवर ठेवलं.

काल पाहिलं, जागा रिकामी आहे.
कुणीतरी नेलंय, तारीख उलटून तीन आठवडे झाले.
लॉर्नानं अजून दंड लावलेला नाही.