पालकाचा नंबर

सोल्यूशनची ट्यूब दहा रुपयाला.
एका ट्यूबात वीस पंक्चर निघतात,
हात राखून लावलं तर पंचवीस.
वैजूनं त्या आठवड्यात चार नेल्या.
मी म्हणलं, सायकल हाय का चाळणी?
तो हसला. मीही हसलो.
पाचवी उधार दिली.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

सेलूत, स्टेशन रोडला, जिनिंगच्या भिंतीला लागून माझं दुकान.
दुकान म्हणजे काय, एक कॉम्प्रेसर,
पाण्याचं घमेलं, वर ताडपत्री.
भिंतीपलीकडं सरकीचे ढीग.
ढिगामागं पोरं बसायची
नाकाशी रुमाल धरून,
जसं काही जवळच कुत्रं मरून पडलंय.

वैजनाथ थोरला, मल्हारी दोन वर्षांनी धाकटा.
एकच खोली.
एकच बाप, हमाल,
पगाराच्या दिवशी स्वतःच्या पायानं घरी न येणारा.
एकच आई, पुण्यात कुण्या सोसायटीच्या फरशा पुसणारी,
पोळ्याला यायची, दिवाळीला नाही.
तेच ढीग, तेच दोस्त, तोच रुमाल
एकाकडून दुसऱ्याकडं जाणारा.
मग एक पोरगं त्यात गेलं
आणि एक नाही गेलं, ते कामून?

लोक म्हणतात नशीब.
लोक म्हणतात रक्त.
रक्त तर एकच होतं.

मल्हारी सहावीत असताना
शाळेत नव्या बाई आल्या, गोजमगुंडे.
रजिस्टरात पालकाचा नंबर मागितला.
बापाचा फोन गहाण, आईचा लागत नाही.
पोरानं तोंडपाठ होता तो सांगितला:
येता-जाता भिंतीवर वाचलेला,
'येथे पंक्चर काढून मिळेल'च्या खालचा.
माझा.

पहिला फोन आला तेव्हा
ट्यूब पाण्यात धरून मी बुडबुडे बघत होतो.
मल्हारीचे पालक का? आज आला नाही तो.
राँग नंबर म्हणायचं होतं.
तोंडातून निघालं, बघतो.

दुकान उघडं टाकून भिंतीला वळसा घातला.
कडेला बसला होता. रुमाल अजून त्याच्यापर्यंत
आला नव्हता.
मारलं नाही. म्हणलं, चल, बाई विचारायल्यात.
माझ्याबद्दल? म्हणला.
दोनदा विचारलं त्यानं. रस्ताभर.

मग महिन्यातून दोन-तीन फोन,
मग कधीमधी.
बाईंची बदली झाली, नंबर तसाच राहिला.
दहावीचा निकालही मलाच कळवला कुणीतरी,
मी समोरच्या गिऱ्हाइकाची हवा फुकट भरली.

वैजूच्या नावापुढं तो रकाना कोरा होता.
नववीनंतर तर नावच नव्हतं.

आता तो परत आलाय,
जालन्याच्या केंद्रात तीन महिने काढून.
अंगानं भरलाय. बोलताना मधीच थांबतो.
काम द्या म्हणला, चाचा.
आणि पाच ट्यूबा विकणारा मी
नाही म्हणलो.
माझ्या दुकानाला तोच वास,
शर्टाला, बोटांना,
भाकरीच्या फडक्यालासुद्धा.

समोरच्या रसवंतीवर लावून दिलं.
इथून दिसतो, चरकात ऊस घालताना.
मधी रस्ता.
वारा तिकडं सुटला की मी हातातलं काम टाकून
आधी ट्यूबचं झाकण लावतो.

रात्री नऊला फोन करतो.
परवा दोनदा उचलला नाही.
तिसऱ्यांदा म्हणला, काय, चाचा?

काही नाही.
कुठं हायस?