अळणी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुलपाखरू काढलं.
डाव्या पंखावर पेनाने ठिपका दिला.
फान्सू त्या ठिपक्याकडे बघत राहिला,
लिलावात शैवालाच्या गठ्ठ्याकडे बघतो तसा:
ओल किती, वजन किती.

ऑपरेशन झालं. फुलपाखरू गेलं.
गळ्यावर एक आडवी शिवण राहिली,
आणि आवाज कुठेतरी जाळ्यांच्या तळाशी.
वाऱ्याच्या उलट, दुसऱ्या नावेवरच्या माणसाला
शिव्या पोचवणारी मी,
आता जवाचं पाणी मागायला वाडगा वाजवायची.

मग दोन आठवडे आयोडीन बंद.
समुद्राचं मीठ नको, मासळी नको, अंडं नको, दूध नको,
आणि शैवाल तर...
त्यांनी माझा पत्ता वाचला नि थांबल्या.
वांदोच्या खालचं बेट.
आमच्याकडे ते दोरीवर वाळतं, छपरावर वाळतं,
स्कूटरच्या सीटवर वाळतं.
यॉन्जूची फी त्यानेच भरली.
आणि नेमका त्याच पंधरवड्यात माझा वाढदिवस.
मियोकचा रस्सा प्यायल्याशिवाय आमच्यात
माणूस वर्षाने मोठं होत नाही.

का, म्हणून फान्सूने विचारलं.
उरल्यासुरल्या पेशींना उपाशी ठेवायचं, त्या म्हणाल्या,
मग त्यांना हवं तेच द्यायचं, आत विष घालून.
परतीच्या बोटीत तो तासभर गप्प.
धक्का दिसल्यावर म्हणाला, "म्हणजे आमिष."
थोड्या वेळाने, "गळ्यात गळ."
आणि त्याचे खांदे सैल पडले.
हे काम त्याला येत होतं.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या.
कारखान्याचं मीठ त्यांच्या लेखी खडूचा चुरा.
छत्तीस वर्षं त्यांनी माझ्या हातच्या मिठाला नावं ठेवली.
काठी टेकत दुकानात गेल्या,
पिशवीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचून घेतलं,
आणि त्या चुऱ्यात कोबी खारवला.
माझा वेगळा नाही. सगळ्यांचा तोच.
जावई शहरातला. अळणी भातावर विनोद करायला गेला,
त्यांनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं असतात.
न खाल्ल्या मिठाला जागणारी
मी तेव्हा पाहिली.

ह्वासुनला शिशाच्या भिंतींची खोली.
गोळी जाड डब्यातून आली,
आणणारा पोरगा दारातूनच बोलला.
लिंबाच्या वड्या चोखायच्या, पाणी पीत राहायचं,
संडासात दोनदा पाणी सोडायचं.
यॉन्जूला सातवा महिना, तिला वर यायची बंदी.
संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये एक पिवळी छत्री
उघडायची, मिटायची. पाऊस नव्हता.
मी दिवा लावायची, विझवायची.

फान्सूचा फोन रोज सातला.
"गठ्ठ्याला भाव उतरला. चौदा नंबरचा दोर तुटला. आई जेवली."
तब्येत एकदाही विचारली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, "घर फार शांत आहे."
मी घोगरं म्हटलं, मी होते तेव्हा तरी कुठे आवाज होता मला?
"तरी," तो म्हणाला.

घरी आले. अंथरूण जाळ्यांच्या खोलीत.
फान्सूने शैवालाचा दोर जमिनीवर टाकला,
दोन मीटर, दोन्ही टोकांना गाठ.
या टोकाला मी,
त्या टोकाला सासूबाई, लसूण सोलत.
बोलायच्या नाहीत.
मध्येच दोराला हलकासा हिसका द्यायच्या,
लागलाय का बघतात तसा.
मी इकडून द्यायची.

स्कॅनमध्ये गळ्याच्या जागी एक काळा डाग दिसला.
"खाल्लं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
संपलं का, ते सहा महिन्यांनी कळेल.

वाढदिवस झाला एकोणीस दिवस उशिरा.
सासूबाईंनी रस्सा वाढला, हिरवा, वाफाळता,
आणि समोरच बसल्या, दोर नसताना.
मी एक घोट घेतला. म्हटलं,
"मीठ जास्त झालंय."

"काय म्हणालीस?" त्या कान पुढे करत म्हणाल्या.
"मोठ्याने बोल."