लीव्ह

सोहारच्या बंदरामागे, यार्डातल्या टाइम ऑफिसात
माझं काम एवढंच : लीव्हचे फॉर्म तपासणं.
हिरवा वार्षिक, पिवळा तातडीचा,
आणि पांढरा, ज्यावर परतीची तारीख नसते.

कपाटात एक जाड डिक्शनरी आहे, पुठ्ठा गेलेली.
आधीचा टाइमकीपर कुरुविला ती सोडून गेला
का ठेवून गेला,
हे इंग्रजीत विचारता येत नाही.
तिकडे दोन्हीला एकच क्रियापद.

दुपारी एसीचं पाणी बादलीत ठिबकतं तेव्हा मी ती चाळतो.
रजा मागतात तो लीव्ह वेगळा, त्याचं मूळ परवानगी.
निघतात तो वेगळा, त्याचं मूळ
मागे राहू देणं.
जाणं नंतर चिकटलं.
दोन शब्द, एकाच खोलीत, बंकबेडवर वर-खाली,
आडनाव एक म्हणून भाऊ समजले गेलेले.

आमचा ओमानी साहेब हमूद म्हणतो, इजाझा.
म्हणजे इजाजतच की, मी म्हणतो. आमच्यात रजा.
तो हसतो : तीही आमचीच. राजी होता ना, त्यातली.
कधी नेलीत?
म्हटलं, परतीची तारीख लिहिलेली नाही.

तर भिकाजी घाडीगावकर, रिगर, बॅज चारशे बारा.
कुटुंबाच्या तिकिटाच्या फॉर्मवर, कुणाला न विचारता,
स्वतःच्या हातानं त्यानं लिहिलं :
आय लेफ्ट माय वाइफ इन कणकवली.
मस्कतच्या हेड ऑफिसनं नोंद केली,
वैवाहिक स्थिती : विभक्त.
भत्ता बंद. तिकीट रद्द.

दुरुस्तीचं पत्र माझ्याकडे.
लेफ्ट खोडून काय घालायचं यात अर्धा दिवस गेला.
'ठेवली' म्हणावं तर मराठीत भलताच वास,
'सोडली' म्हणावं तर हेड ऑफिसच बरोबर,
'राहिली' म्हणावं
तर वाक्यातून भिकाजीच गळतो,
कर्ता ती होते.

त्यानं शेवंतीला फोन लावला, स्पीकरवर.
ती मोठ्यानं हसली. मग हसायची थांबली.
"सोडलंस काय ठेवलंस, तां आदी ठरय.
मगे सायबाक सांग."
भिकाजी टेबलावरच्या स्टॅपलरकडे बघत बसला.

लीव्ह, लेफ्ट, लेफ्ट.
शाळेत पाठ करायला सोपं वाटलं होतं,
दुसरं रूप आणि तिसरं एकच.
लेफ्ट म्हणजे गेला. लेफ्ट म्हणजे उरला.
लेफ्ट म्हणजे डावा, फार पूर्वी दुबळा;
आणि हजेरीच्या मशीनवर भिकाजीचा
डावाच अंगठा चालतो.
उजव्याच्या रेषा वायररोपनं घासून नेल्या.

पत्रात शेवटी मी लिहिलं : शी स्टेड.
हमूदनं शिक्का मारला. तिकीट आलं.
पण शेवंतीचा निरोप,
अंगणवाडीत रजा शिल्लक नाही.

शेऱ्याच्या रकान्यात जागा एका ओळीची.
नो लीव्ह लेफ्ट, मी लिहिलं.
भिकाजीनं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं
आणि विचारलं,
"ह्येच्यात गेलां कोण?"