तिसापर्यंत

सकाळी कणीक मळताना हात एकदम थांबले.
मी मोजत होते.
सव्वीस, सत्तावीस.
कणीक कोण मोजतं?

भोसरीच्या कंपनीत सेफ्टीवाल्यांनी शिकवलेलं:
तळहातावर तळहात, कोपर ताठ,
तीसदा दाबा, दोन श्वास, पुन्हा एकपासून.
रबराचा पुतळा होता, कमरेपासून वरचा.
नीट दाबलं की हिरवा दिवा लागायचा.
माझा सगळ्यांत आधी लागला.
टाळ्या, आणि एक समोसा जास्तीचा.

लिंबाजीच्या छातीवर दिवा नव्हता.
धुऊन धुऊन विरलेलं बनियन होतं,
मिशीत तंबाखूचा वास,
मुठीत अजून इस्त्रीचा आकार.
धनकवडीतलं आमचं पार्किंग, गाड्या धुतलेलं पाणी,
आणि टेबलाखालून गेलेली ती वायर,
जी मीही रोज ओलांडत होते.
सबनीसांनी मेन स्विच पाडला तेव्हा
वरच्या सगळ्या मजल्यांवरचे पंखे
एकदम गप्प झाले.

कुणी म्हणालं, कांदा हुंगवा.
कुणी मोबाइल धरला.
एक बरगडी वाजली माझ्या हाताखाली.
वाजते, सांगितलं होतं आम्हाला, थांबायचं नाही.
थांबले नाही.
तो आवाज अजून मनगटात आहे,
घड्याळ बांधते तिथं.

पार्सल घेऊन आलेल्या एका पोरानं
दोनदा मला बदली दिली.
पाठीवरची चौकोनी बॅग काढायचंही त्याला सुचलं नाही.
नाव विचारायचं राहिलं.

अँब्युलन्स तेविसाव्या मिनिटाला आली.
डॉक्टर नंतर म्हणाले,
तुम्ही हात लावलात तेव्हाच बहुतेक...
सगळे म्हणतात, मग तुमचा काय दोष?
मी त्या बहुतेकमध्ये राहायला गेले आहे.
जागा लहान आहे, खिडकी नाही.
मकरंद रोज रात्री चहा आणून ठेवतो,
काही विचारत नाही,
साय धरली की कप घेऊन जातो.

सोसायटीला शाल-श्रीफळ द्यायचंय पंधरा ऑगस्टला.
मी म्हटलं, आधी त्या प्लगवरची
चिकटपट्टी काढून नवा प्लग बसवा.
जरा चिडूनच म्हटलं.
गुडघ्यांवर खडीचे व्रण होते.
खपली पडली त्या दिवशी
मी ती कागदात बांधली,
मग वेडेपणा वाटून टाकून दिली,
मग केराचा डबा पुन्हा उघडला.

चौदाव्या दिवशी कौसाबाई आली.
राहिलेले कपडे तिनं दिराच्या खोलीवर
इस्त्री करून आणले होते, घरोघर.
माझे दोन कुर्ते, एक ओढणी.
पैसे घेतले, मोजले, कनवटीला लावले.
जिना उतरता उतरता वळली.
"ताई, तुमी मोजत होत्या म्हनं.
शेवटचा आकडा कोन्ता व्हता?"

इतक्या दिवसांत
हे कुणीच विचारलं नव्हतं.
अकरा, म्हटलं मी.
अकराला मला बाजूला केलं.

तिनं मान हलवली,
गठ्ठ्यातले कपडे जुळावेत तशी.
"अकरा. म्हंजी चालूच व्हतं."
आणि खाली गेली.

मी दारात उभी. ओढणी अजून कोमट होती.

आज पुन्हा परात घेतली.
आकडे आले, येऊ दिले.
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
तीस झाले की दोन श्वास असतात,
ते कुणाला द्यायचे कळेना,
तेव्हा मीच घेतले.
कणीक सैल झाली जरा.

पार्किंगमधली ती फरशी मी अजून चुकवते.
बेल वाजली की आधी चेहरा बघते पार्सलवाल्याचा.
तो नसतो.
जो असतो त्याला पाणी विचारते,
आणि नाव.